जोडावरची खरखर

‘इंटरकॉमचा आवाज नीट येत नाही’ ही इंटरकॉमवाल्यांच्या लेखी तक्रारच नसते. आमच्या सोसायटीत जे काका दुरुस्तीला येतात, ते फ्लॅटचा नंबर लिहून घेतात आणि विचारतात, ‘‘तुम्हाला वॉचमनचं ऐकू येत नाही, का वॉचमनला तुमचं?’’ बहुतेकांना याचं उत्तर देता येत नाही. दोन-तीनदा ‘हॅलो, हॅलो’ करून आपण रिसीव्हर आदळलेला असतो, तेवढंच आठवतं. खरं तर इथेच निम्मा शोध संपतो. तुमचं त्याला ऐकू जात नसेल तर दोष तुमच्या माइककडे, त्याचं तुम्हाला येत नसेल तर तुमच्या कानाकडच्या भागात. दोन्हीकडून आवाज खोल गेला असेल, तर मग तारा शोधत जिने चढायचे.

आमची इमारत पुण्यातली, नव्वदच्या दशकातली. गेटवरच्या केबिनमध्ये ईपीएबीएक्सचा डबा, म्हणजे सोसायटीचं छोटं एक्स्चेंज, तिथून जमिनीखालून प्रत्येक विंगला केबल, आणि विंगच्या डक्टमधून वर प्रत्येक घरात तारांची एक जोडी. पहिला मोठा पाऊस झाला की तक्रारी सुरू होतात. यंदा बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा नंबर होता. कमिटीत असल्यामुळे मी काकांच्या मागे मागे फिरलो.

आजींचा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे बऱ्याच घरांत असतो तिथेच. काकांनी रिसीव्हर हातात घेऊन आधी माइकची भोकं पाहिली. फोडणीचा चिकटा आणि त्यावर बसलेलं पीठ यांनी ती बुजतात, आणि मग वॉचमनला घरातला माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. आजींनी रिसीव्हर ओट्यावर दोनदा ठोकून दाखवला. ‘‘असं केलं की पूर्वी यायचा आवाज.’’ त्यांचं खोटं नव्हतं. जुन्या काळ्या फोनच्या माइकमध्ये कोळशाचे बारीक दाणे असत. ते दमटपणाने घट्ट बसले की आवाज मंदावायचा आणि ठोकल्यावर मोकळे व्हायचे. आताच्या माइकमध्ये दाणे नसतात. ठोकून निघतो तो फक्त रिसीव्हरचा टवका.

काकांनी पिशवीतला स्वतःचा फोन आजींच्या सॉकेटला लावला. खरखर तशीच. मागे एक बारीक गुणगुणही होती. फोन सुटला, गुरफटलेली कॉर्ड सुटली, आता लाइन.

मग मीटर. रिसीव्हर खाली असताना इंटरकॉमच्या जोडीवर साधारण २४ ते ४८ व्होल्ट डीसी असतो, कुठलं एक्स्चेंज आहे त्यावर अवलंबून. उचलला की तो खाली येऊन साधारण सहा ते दहाच्या मध्ये थांबतो. आजींकडे तो चारच्या आसपास येऊन हलत होता. ‘‘वाटेत कुठंतरी अडतंय,’’ काका म्हणाले. मी जोडीला हात लावायला गेलो तेव्हा त्यांनी मनगट धरलं. बोलताना या तारा निरुपद्रवी असतात, पण घंटी वाजताना त्यांच्यावरच पाऊणशे व्होल्टच्या आसपास एसी येतो. ओल्या हाताला तो चांगलाच कळतो.

गेटवर एक गंमत झाली. केबिनमधल्या फोनवर मधूनच एक ठेक्यात ‘टर्र-टक-टक’ असा आवाज येत होता आणि मला वाटलं, सापडलं. काकांनी काही न बोलता वॉचमनचा बटणांचा मोबाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. आवाज थांबला. टू-जी मोबाइल सेकंदाला सुमारे २१७ झटक्यांनी बोलतो आणि शेजारच्या फोनची सर्किटं ते झटके पकडतात. वॉचमनच्या कित्येक महिन्यांच्या तक्रारीचं कारण हेच असणार, पण त्याचा तिसऱ्या मजल्याशी काही संबंध नव्हता.

एक्स्चेंजच्या तोंडाशी आजींची जोडी सोडवून टेस्ट फोन लावला. टोन स्वच्छ. म्हणजे डबा निर्दोष. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्या फाइलीत नव्या एक्स्चेंजचं कोटेशन तयार होतं आणि पुढच्या मीटिंगमध्ये ते मंजूरही झालं असतं.

यानंतर काका जे करतात ते बघण्यासारखं असतं. ते तारेच्या मागे टोकापासून टोकापर्यंत जात नाहीत, मधे तोडतात. तळमजल्याच्या बॉक्समध्ये वर जाणारी जोडी सोडवली आणि फक्त गेटकडून येणारी ऐकली. स्वच्छ. जमिनीखालची केबल सुटली. दुसऱ्या मजल्याच्या बॉक्सपाशी पुन्हा ऐकलं. खरखर. म्हणजे मधल्याच डक्टमध्ये. खात्रीसाठी त्यांनी वरच्या टोकाला दोन्ही तारा एकत्र पिळून खाली ओहम मोजले. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला शंभर मीटरमागे जाऊन-येऊन साडेसतरा ओहम भरतात. इथे दोन मजल्यांच्या अंतरात आकडा शेकड्यांत होता आणि लिफ्टचा दरवाजा आपटला की बदलत होता.

पहिल्या मजल्याचं डक्ट उघडलं. केबल टीव्हीच्या तारा, नेटच्या तारा, त्यांच्यामागे विजेचा पाइप, आणि भिंतीला कुठल्याशा बाथरूमची ओल. कुणीतरी नवी तार ओढताना ही जोडी तुटली असावी. ज्याने जोडली त्याने दोन तारांना पीळ देऊन वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सोलल्यावर आत एक तार हिरवी पडलेली.

आजींच्या फोनमधले तिन्ही आवाज या एका जोडातून येत होते. हिरव्या थरामुळे प्रवाह अडत होता, म्हणून बोलणं खोल गेलं. जोड सैल, म्हणून प्रत्येक हादऱ्याला खरखर. गुणगुणीचं कारण जरा आडवळणाचं आहे. शेजारच्या विजेच्या तारांचं ५० हर्ट्झचं गुणगुणणं इंटरकॉमच्या दोन्ही तारांवर सारखंच चढतं, आणि फोन फक्त दोन तारांमधला फरक ऐकतो, त्यामुळे ते आपोआप गळून जातं. तारांना एकमेकींभोवती पीळ असतो तो त्यासाठीच. पण एकीला ओल्या भिंतीतून जमीन मिळाली की तोल जातो आणि उरलेला फरक कानात येतो. दुरुस्ती करताना एका जोडीतली एक आणि दुसरीतली एक तार पकडली तरीही हाच गोंधळ होतो, वर शेजारच्या घरचं बोलणं ऐकू येतं ते वेगळंच.

काकांनी हिरवा भाग कापून टाकला आणि दोन्ही तारांची टोकं एकेका यूवाय कनेक्टरमध्ये घालून पक्कडीने दाबली. त्यात सोलायचं नाही, पट्टी नाही. आतली पाती प्लास्टिक चिरून तांब्याला धरते आणि आतली जेली पाणी येऊ देत नाही. एका कनेक्टरची किंमत चहापेक्षा कमी. वर जाऊन आजींशी बोलून पाहिलं तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘अहो, ओरडू नका, ऐकू येतंय.’’

दारावरच्या फोनची कथा याहून छोटी. तिथे माइक आणि स्पीकर एकाच डबीत असल्यामुळे आतला आवाज वाढवायचा स्क्रू जास्त फिरवला की शिट्टी सुरू होते. तो थोडा उलटा फिरवायचा. आणि बाहेरच्यांचं अजिबात ऐकू येत नसेल तर आधी भोक बघायचं. रंगाऱ्याचा ब्रश फिरलेला असतो किंवा कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं. सुई घाईने खुपसू नका, माइकचा पडदा फाटतो.

माझं मत विचाराल, तर इंटरकॉममधला बिघाड सहसा यंत्रात नसतो, जोडांत असतो, आणि सोसायट्या पैसे मात्र यंत्रांवर घालतात. त्या दिवशी काकांचा बराच वेळ आजींची जोडी कुठली हे शोधण्यात गेला, कारण बी विंगच्या बॉक्सवर काहीच लिहिलेलं नव्हतं. पांढरीबरोबर निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी, हा क्रम वायरमनला पाठ असतो, पण कुठली जोडी कुणाच्या घरी जाते हे त्याला कोण सांगणार? आता आमच्या प्रत्येक बॉक्सच्या झाकणाआत कुठली जोडी कुठल्या घरची याचा तक्ता चिकटवलेला आहे. तुमच्याकडे नसेल, तर पुढच्या वेळी वायरमन येईल तेव्हा दुरुस्तीच्या आधी त्याच्याकडून तेवढा लिहून घ्या.