भुवयांचा रंग बिघडला? चुना नको, बिब्बा नको



गेल्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका वस्तीत बीपी-शुगरची तपासणी चालू होती. एक मुलगी रांगेतून बाजूला झाली आणि ओढणी कपाळापर्यंत ओढून कोपऱ्यात बसून राहिली. सगळ्या बाया गेल्यावर जवळ आली. "सिस्टर, मला बीपी नाही बघायचा. हे बघा." ओढणी सरकवली तर दोन्ही भुवया विटकरी लाल. दोन वर्षांपूर्वी पार्लरमध्ये 'परमनंट आयब्रो' करून घेतल्या होत्या, तेव्हा छान तपकिरी होत्या म्हणाली. आठ दिवसांनी तिला बघायला पाहुणे येणार होते. डाव्या भुवईच्या टोकाला ताजी जखम दिसत होती. शेजारच्या मावशींनी चामखिळीवर लावतात तसा चुना आणि पापडखार लावून दिला होता. रंग होता तिथेच होता. वरची कातडी तेवढी गेली होती, आणि तिच्यासोबत केसही.

ती एकटी नाही. नांदेडला आणि लातूरला अशा बऱ्याच जणी भेटतात. कुणाच्या भुवया लाल, कुणाच्या निळसर, कुणाची एक फिकी आणि एक गडद. लाजेने कुणी दवाखान्यात जात नाही, आणि घरगुती उपायांनी चेहरा खराब होतो. म्हणून या वेळी हाच विषय घेतला.

आधी रंग का बदलतो ते बघू. मायक्रोब्लेडिंग म्हणा, परमनंट म्हणा, नाव काहीही असो, हे एक प्रकारचं गोंदणच आहे. सुईने किंवा बारीक पात्याने कातडीच्या वरच्या थराखाली रंग भरतात. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी तो रंग गिळतात आणि तिथेच बसून राहतात, म्हणून तो धुऊन निघत नाही. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण आठवा. ते काजळीचं, म्हणजे काळं असतं, पण दिसतं निळसर-हिरवट. काळा रंग कातडीखाली गेला की वरच्या थरातून बघताना तो निळा दिसतो. पार्लरमधला काळा रंग खोल गेला तर तुमच्या भुवयांचंही तेच होतं.

तपकिरी रंगाची गोष्ट वेगळी. तो एकच रंग नसतो, काळा, पिवळा, लाल असे रंग मिसळून केलेला असतो. त्यातले बरेचसे लोखंडापासून केलेले, गेरूच्या जातीचे. सगळे एका वेगाने उडत नाहीत. काळसर छटा आधी गेली की मागे लाल-नारिंगी उरते. उन्हाने हे आणखी लवकर होतं, आणि आपल्याकडचं ऊन काही सांगायला नको.

नवीन काम केलेलं असेल तर मात्र घाई करू नका. पहिला आठवडा भुवया फार गडद दिसतात. मग खपली जाते आणि रंग उडालाच असं वाटतं. खरा रंग साधारण ४ ते ६ आठवड्यांनी बसतो. दहाव्या दिवशी "परत भरून द्या" म्हणून गेलात तर कच्च्या जखमेवर दुसरी जखम होते आणि रंग खोल जातो. निळसर भुवयांना हेही एक कारण असतं.

आता दुरुस्ती. सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक उपाय वरून लावायचा मेकअप. त्याला लोक कमी समजतात, पण लग्नकार्य, पाहुणे, फोटो एवढ्यासाठी तो पुरतो. पांढरं लुगडं पिवळं पडलं की आपण नीळ देतो, तेच तत्त्व इथे. निळसर-राखाडी भुवईवर आधी नारिंगी छटेचा कन्सीलर, लालसर भुवईवर थोडा हिरवट छटेचा, मग आपल्या कातडीच्या रंगाचा थर आणि वरून तपकिरी पेन्सिल. काळी पेन्सिल नको, तिने निळेपणा वाढल्यासारखा वाटतो. जखम असेल तिथे काहीही लावायचं नाही.

दुसरा उपाय म्हणजे त्याच ठिकाणी उलट छटेचा रंग सुईने भरणे. जुना रंग बराच फिका झाला असेल आणि काम करणारी खरंच शिकलेली असेल तरच हा उपाय. आधीच गच्च भरलेल्या भुवईत आणखी रंग भरून ती फक्त जाड आणि काळपट होते. एक गोष्ट तर अजिबात करू देऊ नका. "चुकलेला भाग स्किन कलरने झाकून देते" असं कुणी म्हटलं तर सरळ उठून या. त्या रंगात टायटॅनियमचा पांढरा रंग असतो. पुढे कधी लेझर केलं तर तो जागच्या जागी राखाडी किंवा काळा पडू शकतो. गेरूच्या जातीच्या तपकिरी रंगाचंही असं होऊ शकतं. म्हणून लेझर करताना कोपऱ्यात एका छोट्या ठिपक्यावर आधी चाचणी घ्यायची आणि काही आठवडे थांबून मगच पुढे जायचं.

तिसरा उपाय तेच लेझर. ते रंगाच्या कणांचे बारीक तुकडे करतं आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचं क्यू-स्विच्ड लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित धरतात. ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं, पार्लरमध्ये नाही. डोळ्यांवर संरक्षक झाकण घातल्याशिवाय कुणालाही सुरू करू देऊ नका. एका खेपेत काम होत नाही. अनेक खेपा लागतात आणि दोन खेपांमध्ये साधारण ६ ते ८ आठवडे जाऊ द्यावे लागतात. भुवयांचे केस काही काळ पांढरे होऊ शकतात, कातडीवर फिका किंवा काळा डाग पडू शकतो. जुन्या जखमेचे जाड वण उठत असतील, गर्भार असाल, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगा. एकूण खर्च किती येईल तेही आधी विचारा, एका खेपेचा आकडा ऐकून हो म्हणू नका.

नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढा आणि आधी तिथे दाखवा. लेझरची सोय त्या वेळी आहे का ते ओपीडीतच विचारा. नसली तरी नेमकं काय करायचं आणि काय नाही, हा सल्ला तर मिळेल. "भुवया दाखवायला दवाखान्यात कशाला" असा संकोच नको.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहिते. चुना, पापडखार, बिब्बा, ॲसिड, लसणाचा लेप, दगडाने घासणे, यांतलं काहीही नाही. रंग कातडीच्या खाली आहे. तिथपर्यंत पोचायचं तर आधी कातडी जळते. बिब्ब्याचं तेल अंगावर उतून काळे फोड आलेले आपल्यातल्या अनेकींनी पाहिलेत. तेच डोळ्याच्या वर आलं तर? गोरं करायच्या मलमांनीही हा रंग जात नाही. स्टिरॉइड असलेली मलमं लावून कातडी पातळ आणि लाल होते, एवढंच. फिक्या भुवयांवर केसांचा डाय लावणाऱ्याही आहेत. डायच्या पाकिटावरची बारीक सूचना मुलांकडून वाचून घ्या. भुवया आणि पापण्यांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, असं त्यावर छापलेलं असतं.

सुईचं विसरू नका. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात ७ दिवससुद्धा जिवंत राहतो. त्याच सुईने किंवा त्याच रंगाच्या वाटीतून दुसरीचं काम केलं तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका आहे. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, यात रागावण्यासारखं काही नाही. कधी कुठे करून घेतलं असेल आणि शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात.

आता एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. भुवया भरून घ्यायला लागल्याच का? दोरा जास्त झाला म्हणून विरळ झाल्या असतील तर ठीक. पण लातूरकडची एक बाई मला आठवते. तिच्या भुवया बाहेरच्या टोकाकडून गळत गेल्या, तिने रंग भरून घेतला आणि विषय संपला असं समजली. पुढे दंडावर फिक्कट चट्टा दिसला. त्याला टाचणी टोचली तरी कळेना. तो कुष्ठरोग होता. भुवईवर रंग नसता तर कदाचित एक वर्ष आधी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. भुवया गळणं, कानाच्या पाळ्या जाड होणं, बधिर चट्टा यांतलं काही दिसलं तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. एमडीटीची औषधं मोफत आहेत, ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पूर्ण होतो. थायरॉइड कमी असला तरी भुवयांची टोकं विरळ होतात, आणि चाई पडली तरी मधूनच केस जातात. कारण सापडलं तर कधी कधी केस पुन्हा येतात, रंगाची गरजच पडत नाही.

त्या नांदेडच्या मुलीची जखम मिठाच्या स्वच्छ पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी विष्णुपुरीला पाठवलं. पाहुणे आले तेव्हा डावं टोक उघडंच होतं, बाकी मेकअपने झाकलं. तिथले केस अजून आलेले नाहीत.

शेवटी दोन सूचना. एमआरआय काढायचा असेल तर भुवयांत रंग भरला आहे हे तिथे सांगा. रंगातल्या लोखंडामुळे क्वचित जळजळ किंवा सूज येते, पण त्यासाठी एमआरआय टाळायची गरज नाही. आणि भुवया भरून घेतल्या, किंवा हातावर जयभीम गोंदवलं, तर त्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात फॉर्म भरताना हे लपवू नका.