थंड इंजिनाचं माप

जिली एमके या चिनी सेडानचं बॉनेट उघडून इंजिनावरचं झाकण काढलं, की दोन कॅमशाफ्ट समोर येतात. टाइमिंग बेल्ट त्यांतल्या एकालाच फिरवतो. दुसरा त्याला लागून असलेल्या गिअरवर चालतो. टोयोटाची ‘ए’ मालिकेतली इंजिनं खोललेल्या मिस्त्रीला ही मांडणी लगेच ओळखू येते.

आणि ते बरोबरच आहे. जिलीने आधी त्याच मालिकेतलं ‘८ए’ इंजिन तिआनजिनमधून विकत घेऊन आपल्या गाड्यांत बसवलं. जाहिरातीत टोयोटाचं नाव घेतल्यावरून आणि बोधचिन्हावरून टोयोटाने दावा लावला. २००३ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने तो फेटाळला. मग त्याच धर्तीवर जिलीची स्वतःची इंजिनं आली. एमकेमधलं एमआर ४७९ क्यूए हे त्यांपैकी एक: १,४९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, ७८.७ मिमी बोअर, ७७ मिमी स्ट्रोक, ९४ अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. पाया भक्कम आहे. दुखणी उद्भवतात ती बहुतेक वेळा देखभाल चुकल्याने.

सगळ्यात दुर्लक्षित काम टॅपेटचं. इथे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, त्यामुळे कॅम आणि टॅपेटमधली फट आपोआप जुळत नाही, ती मोजावी लागते. इंजिन पूर्ण थंड हवं. तापलेल्या धातूवर घेतलेलं माप फसवतं. क्रँकची पुली किल्लीने फिरवून कॅमचं टोक वर आणायचं आणि फिलर गेजची पाती आत सरकवायची. इनटेकला सुमारे ०.२ मिमी, एक्झॉस्टला ०.३. पाती किंचित अडत सरकली पाहिजे.

फट वाढली तर टकटक ऐकू येते आणि मालक गाडी घेऊन येतो. फट कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही, आणि खरा धोका तोच. व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, कड जळत जाते. गॅसवर चालवलेल्या गाडीत सीट लवकर झिजतात, म्हणून तिथे हे माप अधिक वेळा घ्यावं.

बाकीच्या तक्रारी ओळखीच्या. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली की आयडलिंग वरखाली होतं. व्हॉल्व्हची सीलं कडक झाली की सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो. टाइमिंग बेल्ट ६०,००० किमीला बदलावा.

पिकअप गेला असेल तर चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजतात. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही, तर बहुधा व्हॉल्व्ह गळतोय. मग हेड उतरवण्याची तयारी करावी लागते.