हा आकडा कुठून आला?

सकाळचे सव्वासहा. नोव्हेंबरात लंडनला या वेळी अजून काळोख असतो. टूटिंगमधल्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघी राहतो. उठल्यावर पहिलं काम म्हणजे खिडकीच्या काचेवरचं पाणी फडक्याने टिपणं. डोंबिवलीत काच बाहेरून भिजायची, पावसाने. इथे ती आतून भिजते, आमच्याच श्वासाने. टेबलावरचा छोटा मीटर १७ अंश आणि ७० टक्के आर्द्रता दाखवतो. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते तापमान, साडेअकरा अंशांच्या आसपास येतो. एकेरी काच रात्रीच्या थंडीत आठ-नऊ अंशांवर उतरलेली असते, मग पाणी सुटणारच. कोपऱ्यात काळी बुरशी धरली आहे, ती ब्लीचने पुसून काढते. रॉचडेलमध्ये २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. पुढे इथे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. तेव्हापासून मी ओल किरकोळ मानत नाही.

साडेसहाला आईचा फोन. तिकडे दुपारचे बारा वाजलेले असतात. "खिडकी उघडलीस का गं? रात्रभर कोंडून झोपता दोघी." वायुवीजनाचा पहिला धडा मला आईनेच दिला.

आठच्या सुमाराला नॉर्दर्न लाइन पकडते. वर पाच अंश आणि खाली जमिनीत कोट काढावासा वाटतो. शंभरहून जास्त वर्षं गाड्यांच्या ब्रेकची, मोटरींची आणि माणसांची उष्णता बोगद्याभोवतालच्या चिकणमातीत मुरत आली आहे. याच मार्गावर पुढे सिटी रोड नावाचं स्टेशन होतं, ते १९२२ साली बंद पडलं. आता तिथल्या जुन्या शाफ्टमधून मोठा पंखा ही ऊबदार हवा वर ओढतो आणि हीट पंपाच्या मदतीने इस्लिंग्टनमधली घरं गरम होतात. हे २०२० साली सुरू झालं. वाया जाणारी उष्णता शोधून कामाला लावणं हा आमच्या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग.

साडेनऊला एलिफंट अँड कॅसलला वर्ग. १८९२ साली बरो पॉलिटेक्निक म्हणून सुरू झालेली संस्था आज लंडन साउथ बँक विद्यापीठ आहे, आणि मी तिथे बिल्डिंग सर्व्हिसेस इंजिनिअरिंगचं एमएससी करते. इमारतीतली हवा, पाणी, वीज, उजेड, लिफ्ट, आगीपासूनचा बचाव, हे सगळं त्यात येतं. वर्गात निम्मे जण नोकरी सांभाळून आठवड्यातून एक दिवस येणारे. त्यांचे प्रश्न साइटवरचे असतात, म्हणून ते बोलले की मी लिहून घेते.

आज सायक्रोमेट्रिक चार्ट. तापमान आणि हवेतलं बाष्प यांचा हा नकाशा विलिस कॅरियरच्या कामातून आला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते. ते निस्तरताना त्याने हवा थंड करण्याबरोबर कोरडी करण्याचाही हिशेब मांडला. एसीचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, कागदाच्या ओलीसाठी झाला. हे ऐकताना मला माझं पनवेल आठवलं.

ठाण्यात नोकरीला लागले तेव्हा पनवेलच्या एका वाचनालयाच्या हॉलचं एसीचं काम माझ्या हाती आलं होतं. १,८०० चौरस फूट. आमच्याकडे थम्ब रूल ठरलेला: १४० चौरस फुटांना एक टन. म्हणजे तेरा टन. त्यावर दहा टक्के सेफ्टी. कॅटलॉगात साडेआठ टनांचं डक्टेबल यंत्र होतं, ती दोन घेतली. सतरा टन. ड्रॉइंगवर माझी सही होती. जुलैत गेले तर हॉल गारठलेला होता आणि तरी चिकट होता. वर्तमानपत्रं मऊ पडली होती, छतातून हवा सोडणाऱ्या डिफ्यूझरभोवती काळे डाग होते. ग्रंथपालबाई मला म्हणाल्या, "मॅडम, थंडी आहे, पण बसवत नाही." मी थर्मोस्टॅट आणखी एक अंश खाली करून परत आले. ती माझी चूक होती आणि तेव्हा ती मला कळलीही नाही.

आज चार्टवर कळली. पावसाळ्यात बाहेर २७ अंश असतात, पण हवा बाष्पाने भरलेली असते. थंड करण्याचं काम थोडं आणि पाणी काढण्याचं काम फार. गरजेपेक्षा मोठं यंत्र चार-पाच मिनिटांत तापमान गाठतं आणि कॉम्प्रेसर थांबतो. कॉइलवर जमलेलं पाणी निचऱ्याला लागायच्या आत, फिरत्या पंख्याची हवा ते पुन्हा हॉलमध्ये सोडते. हवा कोरडी व्हायला यंत्राला सलग चालावं लागतं, आणि मोठं यंत्र सलग चालूच शकत नाही.

आमच्या सरांना कुठलाही आकडा सांगितला की ते एवढंच विचारतात: "हा आकडा कुठून आला?" आवाज चढत नाही, पण उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकत नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

दुपारी पोळीभाजीचा डबा, मग दोन वाजता प्रयोगशाळा. पंख्याचा वेग ५० हर्ट्झवरून ४० वर आणायचा आणि हवा व वीज दोन्ही मोजायच्या. वेग वीस टक्क्यांनी उतरला की हवाही तेवढीच उतरते, वीज मात्र वेगाच्या घनात घटते, जवळजवळ निम्मी होते. सूत्र मला तोंडपाठ होतं. मीटरचा काटा डोळ्यांदेखत खाली येताना पाहणं वेगळं.

साडेचारला अंधार पडतो. चालत वॉटर्लू ओलांडून रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जाते. तिथल्या प्रशस्त फॉयरमध्ये कोणीही येऊन बसू शकतं, माझ्यासारखे पुष्कळ विद्यार्थी बसतात. हा हॉल १९५१ साली उघडला तेव्हा थेम्सच्या पाण्यातून उष्णता काढणारा हीट पंप त्याला जोडला होता. त्याचे कॉम्प्रेसर म्हणजे विमानांच्या मर्लिन इंजिनांचे सुपरचार्जर. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती, आणि लढाऊ विमानांचे भाग संगीत ऐकणाऱ्यांना ऊब देत होते. पण इमारतीची गरज हिशेबापेक्षा कमी निघाली, यंत्र फार मोठं ठरलं आणि पुढे ते काढून टाकलं. या विषयातल्या उत्तम माणसांच्या हातूनही हे घडलं, म्हणून मला तो पंप धीर देतो.

इथेच बसून आज पनवेलचा हॉल पहिल्यापासून मांडला. जास्तीत जास्त चाळीस वाचक, बसलेला माणूस सुमारे १३० वॅट उष्णता देतो, म्हणजे ५.२ किलोवॅट. दिवे १.७. उत्तरेच्या खिडक्या आणि भिंती मिळून ६, कारण वर आणखी मजला होता, छत तापत नव्हतं. माणशी सेकंदाला दहा लिटर बाहेरची हवा धरली तर मे महिन्यातल्या दमट दुपारी तिचेच १६ किलोवॅट. बेरीज २९. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा सव्वाआठ टन. मी दोन यंत्रं बसवली होती. एक पुरलं असतं.

रात्री साडेनऊला खोलीवर परतल्यावर ग्रंथपालबाईंना निरोप लिहिला: दोन्हींपैकी एक यंत्र बंद ठेवा, दुसरं सलग चालू द्या, आणि ताज्या हवेचा मार्ग कोणी पुठ्ठ्याने बुजवला असेल तर मोकळा करा. डाग कमी होतात का ते कळवा, असंही लिहिलं.

तुम्ही एसी घ्यायला दुकानात गेलात तर नुसते चौरस फूट सांगून थांबू नका. वर गच्ची आहे की मजला, खिडकी पश्चिमेला आहे का, खोलीत किती माणसं झोपतात, तेही सांगा. आणि "दोन टनांचा घ्या" असं उत्तर आलं तर हा आकडा कुठून आला, ते जरूर विचारा.