तुरीचा भाव ठरतो कुठे?
(लेखमाला : कडधान्यांचा बाजार, भाग 4)

गेल्या आठवड्यात आपण हमीभावाचं गणित पाहिलं. पण जानेवारीत परळीच्या मोंढ्यात तूर घेऊन आलेला शेतकरी आधी विचारतो ते वेगळंच: आज लातूरला काय निघाली?

खरेदीदार ढिगात हात घालतो, मूठभर तूर तळहातावर घेऊन फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. दाणा कटकन फुटला तर माल वाळलेला. मग तो भाव बोलतो. तो भाव परळीत ठरलेला नसतो. लातूरच्या डाळमिलवाल्यांना काय परवडतं यावर तो ठरतो, आणि मिलवाल्याचं एक लक्ष मुंबई बंदरातल्या आयात तुरीवर असतं. म्यानमारची लेमन तूर, मोझांबिकची गजरी किंवा सफेद स्वस्तात मिळत असेल, तर बीडीएन 711 ची टपोरी पांढरी तूरही हवा तो भाव खात नाही.

म्यानमारची तूर साधारण आपल्याबरोबरच काढणीला येते. आफ्रिकेतली त्याआधी, पावसाळा सरताना बंदरात लागते. म्हणजे आपल्या राशी होईपर्यंत मिलवाल्याकडे थोडाफार साठा असतो. त्याला घाई नसते. घाई असते ती उधारी, मजुरी आणि पीककर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला.

आयात वाढली का, हेही समजून घेतलं पाहिजे. 2015 मध्ये शहरांत तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली. 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी 1 लाख टन, मग दरवर्षी वाढवत 2 लाख टनांपर्यंत. त्याच खरिपात महागाईकडे पाहून आपल्याकडेही तुरीचा पेरा वाढला, पाऊस साथीला आला, आणि हमीभाव बोनससह 5,050 रुपये असताना बाजार त्याच्या बराच खाली बसला. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने आयातीवर मर्यादा घातली, तोवर बहुतेकांनी तूर विकून टाकलेली होती. तिकडे मोझांबिकमध्ये भारताच्या भरवशावर तूर पेरलेल्या लहान शेतकऱ्यांचे भाव कोसळले. तूर विकत घेणारा जगात मोठा देश एकच, आपला. आपण दार लावलं की तिकडच्या खळ्यावर माल पडून राहतो.

मे 2021 मध्ये दार पुन्हा उघडलं आणि दरवेळी मुदत वाढत गेली. 2024 च्या उन्हाळ्यात तूर क्विंटलला 10 हजारांच्या पुढे होती, म्हणून पुन्हा पेरा वाढला. 20 जानेवारी 2025 ला, ऐन आवकेच्या दिवसांत, खुल्या आयातीची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढली. त्या हंगामात 7,550 च्या हमीभावाखाली तूर विकली गेली. जोडीला डिसेंबर 2023 पासून शुल्काविना येणारा पिवळा वाटाणा होताच. बेसनात, हॉटेलांच्या वरणात तो स्वस्त पर्याय म्हणून शिरतो आणि हरभऱ्याबरोबर तुरीलाही खाली ओढतो.

देशाला तूर कमी पडते, तेव्हा आयात करावीच लागेल. माझा आक्षेप तारखांना आहे. हमीभाव पेरणीच्या तोंडावर जाहीर होतो. मग आयातीचं धोरणही तेव्हाच, पुढच्या वर्षभरासाठी का जाहीर होऊ नये? मृगाच्या पावसावर सोयाबीनमध्ये तुरीच्या किती ओळी टाकायच्या, हे शेतकरी तेव्हाच ठरवतो. जानेवारीतल्या अधिसूचनेचा त्याला उपयोग शून्य, नुकसान मात्र पूर्ण.

तोवर हातात उरतो तो थांबण्याचा उपाय. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, व्याज 6 टक्के, मुदत सहा महिने. आपली बाजार समिती ही योजना राबवते का, गोदामात जागा आहे का, हे राशीच्या आधी विचारून ठेवा. तारण ठेवलेल्या मालाचा विमा, प्रतवारी आणि गोदाम पावती यांविषयी पुढच्या आठवड्यात.