तोंडाआधी अंग बोलतं

‘आता काही वाटत नाही ताई, सवय झाली,’ जुन्नरमधल्या उसाकडेच्या वस्तीवरची एक बाई समुपदेशक ताईंना सांगते आहे, असं समजा. महिन्यापूर्वी बिबट्यानं तिच्या गोठ्यातली कालवड नेली. ती सगळं शांतपणे सांगते. एवढ्यात बाहेर पाचट खसखसतं. बोलणं चालूच राहतं, पण खांदे वर चढतात, श्वास अडकतो, पदराचं टोक मुठीत आवळलं जातं.

हा दुबळेपणा नव्हे. दचकल्यावर पापणी लवते ती सेकंदाच्या विसाव्या भागात, काय झालं हे उमगायच्या आत. मेंदूतली बदामाएवढी अमिग्डाला धोक्याची वर्दी देते, रक्तात ॲड्रेनलिन उतरतं, लाळ आटते. तोंडचं पाणी पळालं, अंगावर काटा आला, हातपाय गार पडले, हे आपली भाषा उगाच म्हणत नाही. त्वचेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं आणि बोटं खरोखर थंड पडतात. तळहातांना तर उन्हापेक्षा ताणानं जास्त घाम फुटतो. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९०७च्या सुमारास या घामानं त्वचेच्या वीजवाहकतेत होणारा बदल गॅल्व्हनोमीटरवर मोजला होता.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. २०१७ मध्ये आमडे इथं नवं गाव उभं राहिलं. पण अशा आपत्तीतून वाचलेल्या माणसाचं काळीज पुढे कित्येक पावसाळे सरींच्या नुसत्या आवाजानं धडधडू शकतं. पक्क्या भिंती दिल्या की काम संपलं, असं म्हणूनच मला वाटत नाही.

मात्र हात थरथरला म्हणजे कारण कळलं, असं नाही. थंडीनं कापतो, साखर उतरली तरी कापतो. चेहऱ्यावरून मन वाचण्याच्या दाव्यांवर माझा विश्वास नाही. चांगला समुपदेशक दिसलं तेवढंच सांगतो आणि विचारतो.

‘मावशी, आत्ता मूठ आवळली गेली. काय झालं?’

‘काही नाही.’

ताई रेटत नाहीत. पाय जमिनीवर नीट टेकवायला सांगतात, श्वास सावकाश सोडायला सांगतात. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो. हळूहळू पदर सुटतो.

‘कालवडीचं नाही हो,’ ती म्हणते. ‘रात्रीची लाइट असली की आमचे हे मोटार चालू करायला जातात. ते येईस्तोवर मी दाराला कान लावून असते.’