व्हॅलेंटाइनला टिपऱ्यांची वही

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावात १४ फेब्रुवारी ऐन हरभऱ्याच्या दिवसांत येतो. सोंगणी तोंडावर असते. मानोऱ्याला किंवा कारंजाला जाऊन भेटवस्तू घ्यायची म्हटलं, तर पुण्या-मुंबईत मिळते तीच लाल उशी आणि तोच टेडी मिळणार. मग आवडत्या माणसाला द्यावं तरी काय? याचं चांगलं उत्तर आपल्या जुन्या विनोदी मालिकांमध्ये आहे, असं माझं मत आहे. त्यांतलं प्रेम निरागस होतं, तरी भाबडं नव्हतं. समोरच्याच्या खोडी, आवडी आणि रुसण्याची कारणं ठाऊक असण्यावर ते उभं होतं. असं ठाऊक असणं भेट म्हणून देता येतं.

या निरागसतेमागे संस्कार होते, तशी त्या काळची टीव्ही पाहण्याची रीतही होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे कितीतरी वर्षं गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि त्याच्यापुढे आजी, सून, पोरं, शेजारीपाजारी सगळे एकत्र बसत. एवढ्या माणसांदेखत नवरा-बायकोची जवळीक दाखवायची, तर ती बोलण्यातून आणि घरातल्या धांदलीतूनच दाखवावी लागे. चिं. वि. जोशींचा चिमणराव दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी रंगवला आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांनी. त्या घरातली माया अशीच गोंधळातून कळते. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून १९८८ साली आलेली ‘वागले की दुनिया’ हिंदीत असली, तरी तिच्यातलं जोडपं ओळखीचं मराठी आहे. अंजन श्रीवास्तव यांचा वागळे बाहेरच्या जगात पदोपदी अडतो आणि भारती आचरेकरांच्या राधिकेजवळ येऊन मन मोकळं करतो. २०२१ मध्ये ही मालिका नव्याने आली, तेव्हाही नव्या पिढीच्या वागळ्यांचे आईवडील म्हणून हीच जोडी लागली.

यावर कुणी म्हणेल, त्या घरांतलं सगळं काम तर बाईच्याच अंगावर होतं, त्याचं कसलं कौतुक? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. म्हणूनच मिक्सर किंवा कुकर ही प्रेमाची भेट होऊ शकत नाही, ते घराचं सामान झालं. तिच्या रोजच्या कामातलं एखादं काम, पहाटेचं पाणी भरणं म्हणा किंवा संध्याकाळची भाकर, कायमचं आपल्याकडे घेणं ही खरी भेट. ती एका दिवसापुरती असेल, तर न दिलेली बरी.

दुसरा आक्षेप तरुणांचा: ही सगळी लग्न झालेल्यांची प्रेमं, आमच्या काय कामाची? त्यांनी झी मराठीवरची २०१२ ची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आठवावी. सतीश राजवाडे यांच्या या मालिकेत स्वप्नील जोशीचा घना आणि मुक्ता बर्वेची राधा आपापल्या सोयीसाठी लग्न करतात आणि प्रेमात पडतात ते नंतर. एका घरात वावरताना एकमेकांचं वागणं बघत बघत ते जवळ येतात. म्हणजे ओळख आधी आणि कबुली मागाहून. गुलाब देण्याआधी चार वेळा नीट ऐकून घ्यावं, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

मला मात्र सगळ्यांत जवळची वाटते ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका २००१ मध्ये तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली. तिच्यातले आबा, म्हणजे स्वतः टिपरे, दिवसभर घरच्यांकडे बघतात आणि जे दिसलं ते रोजनिशीत उतरवतात. मुलगा-सून शेखर-श्यामलाचा संसार, नातवंडं शलाका आणि शिऱ्या यांची धांदल, सगळं त्या वहीत येतं. कुणाचंही उणं काढण्यासाठी ती वही नाही. घरातल्या माणसांकडे कुणीतरी लक्ष देऊन पाहतंय, एवढं ती सांगते.

अशी वही कुणालाही करता येईल. दोनशे पानी साधी वही घ्यावी, रोज तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात आणि त्यांत फक्त समोरच्या माणसाबद्दल लिहावं. ‘आज वावरात डबा आणलास, झुणक्यात तिखट माझ्या बेताचं होतं, स्वतः मात्र पाणी पिऊन बसलीस.’ सुंदर अक्षर नको, कविता तर नकोच. जानेवारीत सुरुवात केली, तर १४ फेब्रुवारीपर्यंत चाळीसेक नोंदी होतात. उरलेली पानं कोरीच ठेवून वही द्यावी, म्हणजे पुढचं तिला किंवा त्याला लिहिता येईल.