गुरुत्वीय लहरींचे ध्रुवण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुरुत्वीय लहर जाताना अवकाश ताणले जाते आणि आकसते. हे ताणणे कोणत्या आकृतीत होते, त्याला लहरीचे ध्रुवण म्हणतात. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेत अशा दोनच आकृत्या बसतात : ‘अधिक’ आणि ‘गुणिले’. त्यांच्यात ४५ अंशांचा कोन असतो, प्रकाशासारखा ९० अंशांचा नाही. गुरुत्वाकर्षणाच्या इतर सिद्धांतांत मात्र सहापर्यंत आकृत्या संभवतात : दोन टेन्सर (म्हणजे ‘अधिक’ आणि ‘गुणिले’), दोन सदिश, दोन अदिश. म्हणून ध्रुवण ही सिद्धांताची थेट परीक्षा ठरते.

गैरसमज : १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर सापडली, तेव्हाच ही परीक्षा झाली.

वस्तुस्थिती : तशी ती होऊच शकत नव्हती. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यावरची एकच अरुंद सावली पाहून बाहुली मुळात अरुंद आहे की तिरकी धरली आहे, हे कळत नाही. ती लहर टिपणाऱ्या अमेरिकेतील लायगोच्या प्रत्येक शोधकाच्या चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंवरही लहरीची अशी एकच ‘सावली’ पडते. त्यातून हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील शोधकांचे बाहू जवळपास एकाच रोखाने बसवलेले आहेत. लहर निसटू नये म्हणून ते योग्यच होते, पण दोन्हीकडे सावली जवळजवळ सारखीच पडते. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतील व्हर्गो हा शोधक वेगळ्या रोखाने सोबतीला होता, तेव्हा ही तपासणी प्रथम शक्य झाली. कौल टेन्सर आकृत्यांच्या बाजूने लागला. तीनच दिवसांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेली लहर मिळाली. त्याच मीलनाच्या प्रकाशामुळे तिचे उगमस्थान, एनजीसी ४९९३ ही दीर्घिका, नेमके ठाऊक होते. त्यामुळे कौल कितीतरी भक्कम झाला.

गैरसमज : म्हणजे इतर सिद्धांत बाद झाले.

वस्तुस्थिती : त्या तपासण्यांत ‘केवळ टेन्सर’ची तुलना ‘केवळ सदिश’ आणि ‘केवळ अदिश’शी झाली होती. टेन्सरमध्ये थोडे अदिश मिसळलेले असण्याची शक्यता त्यातून मिटत नाही, आणि कित्येक पर्यायी सिद्धांत नेमके तेच सांगतात.

गैरसमज : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथचा लायगो-इंडिया ही अमेरिकी यंत्राची नुसती नक्कल आहे.

वस्तुस्थिती : यंत्र तसेच असले तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा रोख वेगळा असेल, आणि मोल त्या रोखाचेच आहे. काटकोनी बाहूंच्या शोधकांना दोन अदिश आकृत्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. उरलेल्या पाच शक्यता सुट्या करायला पाच शोधक लागतात. लायगोचे दोन, व्हर्गो आणि जपानचा काग्रा मिळून चार होतात. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिलेला औंढ्याचा शोधक पाचवा असेल.